लाल गाडीची मागची सीट

स्प्रिंग दाबायच्या प्रेसचा दांडा हळूच सैल केला, दबलेली स्प्रिंग मोकळी झाली, वरची टोपी काढली आणि एक पितळी रिंग टेबलावर टणकन पडली. गोल गोल फिरत ती पान्यांच्या ट्रेला जाऊन टेकली. मी बघतच राहिलो. या गाडीच्या शॉकअपमध्ये असली रिंग नसते. कंपनीच्या पुस्तकात नाही, पार्ट्सच्या चित्रातही नाही. कोणीतरी लेथवर बनवून मागाहून टाकलेली. उचलून उजेडात धरली तर तिच्या काठावर कानशीनं पाडलेल्या तीन बारीक खाचा दिसल्या.

मी स्टूल ओढलं आणि बसलो. त्या खाचा गुलाब उस्तादांच्या होत्या.

पण आधी गाडीचं सांगतो. गाडी अल्लीपूरच्या विलासभाऊंची. लाल रंगाची स्पोर्ट्स बाइक, अंगभर फायबरचं कवच, हँडलवर ओणवं होऊन चालवायची, मागची सीट उंच आणि टीचभर. ही गाडी नवी होती तेव्हा अख्ख्या वर्ध्यात अशा गाड्या बोटांवर मोजण्याएवढ्या होत्या. ती उभी दिसली की पानठेल्यावरची माणसं पान अर्धवट टाकून बघायला यायची. आता ते मॉडेल बंद पडून जमाना झाला.

विलासभाऊंनी ती पिकअपमध्ये टाकून, वर ताडपत्री बांधून वर्ध्याला माझ्या गॅरेजवर आणली. ताडपत्री काढली तेव्हा सीटच्या खाचेत कोंबडीची पिसं अडकलेली होती. गाडी बरीच वर्षं गोठ्यात पडून होती, हे सांगायची गरज नव्हती.

मी सीट दाबून पाहिली. गाडी खाली गेली, वर आली, पुन्हा खाली गेली, पुन्हा वर आली. पाळण्यासारखी हलत राहिली.

"शॉकअप गेला," मी म्हणालो.

साध्या गाडीला मागं दोन शॉकअप असतात, दोन बाजूंना. या गाडीला एकच, सीटच्या खाली मधोमध. त्याला मोनोशॉक म्हणतात. बाहेरून स्प्रिंग, ती वजन पेलते. आत एक नळकांडं, त्यात ऑइल आणि त्या ऑइलला दाबून धरणारा नायट्रोजन गॅस. यांचं काम स्प्रिंगला आवरणं. आवरणारं कोणी नसलं तर स्प्रिंग उड्या मारत सुटते. विलासभाऊंच्या शॉकअपचा सील कधीच फाटला होता. ऑइल गोठ्यातल्या मातीनं पिऊन टाकलं होतं.

"नवा टाका नाईतर जुनाच बनवा, सुरेशभाऊ," विलासभाऊ म्हणाले. "पन गाडी पयल्यासारखी झाली पाह्यजे."

"नवा भेटत नाही. कंपनीनं बंद केला. नागपुरात लोकल भेटन, पण त्याची ग्यारंटी मी घेत नाही."

"मंग जुनाच बनवा. घाई नाई. फकस्त चतुर्थीच्या आत द्या."

"घाई नाही, अन् चतुर्थीच्या आत?"

पिकअपच्या पुढच्या सीटवर त्यांच्या मंडळी बसल्या होत्या. मंदावहिनी. खिडकीतून हात बाहेर काढून त्या म्हणाल्या, "सांगा ना त्यायले, काऊन पाह्यजे ते. लाजता कायले?"

विलासभाऊ खरंच लाजले. एवढा मोठा माणूस, मिशा पिकायला आलेल्या, आणि माझ्या कॉम्प्रेसरकडे बघायला लागला. शेवटी वहिनींनीच सांगितलं.

"हे मले पाहाले आले तवा या गाडीवर आलते. म्या खिडकीतून पाह्यली गाडी. मनात म्हटलं, मानूस कसाबी असू दे, मागं बसाले तर भेटन."

"मग?"

"मंग काय! लगन झालं, अन् मामाजीनं, यायच्या बाबानं, मागच्या सीटवर लोखंडी स्टँड वेल्डिंग करून घेतला. भाजीचे कॅरेट ठेवाले. वावरातून सिधा वर्ध्याचा बाजार. तवापासून मागं टमाटे बसले. म्या नाई बसली."

मी हसलो. विलासभाऊही हसले, पण जरा कमी. मग हळूहळू बाकीचं कळलं. पुढं पिकअप आली, तसे टमाटे पिकअपमध्ये गेले, स्टँड कापून काढला आणि गाडी गोठ्यात गेली. मुलगा पुण्याला नोकरीला, मुलगी सासरी. घरात आता दोघंच. विलासभाऊंच्या मनानं घेतलं की एकदा तरी बायकोला या गाडीवर मागं बसवून केळझरला गणपतीला न्यायचं. अल्लीपूरहून वर्धा, पवनार, सेलू आणि मग केळझर. एरवीही दोघं चतुर्थीला जातातच, पण पिकअपनं.

अडचण एकच होती. वहिनींच्या कमरेचा मणका सरकलेला. नागपूरच्या डॉक्टरांनी पट्टा दिला होता आणि दचका बसू देऊ नका म्हणून बजावलं होतं.

"म्या यायले सांगतलं हाय," वहिनी म्हणाल्या. "तुमच्या हौसेसाठी बसन. पन एक जरी दचका बसला, त गाडी भंगारात. गोठ्यातली जागा मोकळी होईन. कांदे ठेवता येईन तिथं."

"म्या हो म्हटलं हाय," विलासभाऊ म्हणाले.

त्यांनी ते ज्या आवाजात म्हटलं, त्यावरून मला समजलं की हे काम साधं नाही. गाडी गेली तर जाईल, लोखंडच ते. पण या माणसाला आपल्या बायकोचं एक देणं फेडायचं होतं, आणि ते सगळं माझ्या हातातल्या एका शॉकअपवर येऊन थांबलं होतं.

आणि त्याच शॉकअपमधून उस्तादांची रिंग निघाली.

गुलाब उस्तादांकडे मी कोवळ्या वयात शिकायला लागलो. आर्वी रोडवर कडुनिंबाखाली त्यांचं गॅरेज होतं. गॅरेज म्हणजे टिनाचं एक शेड, ग्रीसनं काळा झालेला एक बाक आणि निंबाला टांगलेला रेडिओ. रेडिओ चालू असायचा, पण काय चाललंय ते हातोड्याच्या आवाजात कुणाला ऐकू यायचं नाही. दुपारी निंबोळ्या टपटप पेट्रोलच्या टाक्यांवर पडायच्या. एखाद्याच्या उघड्या टाकीत निंबोळी गेली की उस्ताद आम्हाला झापायचे आणि आम्ही निंबाला शिव्या द्यायचो. आजही पेट्रोल आणि निंबोळी यांचा वास एकत्र आला की हातातला पाना क्षणभर थांबतो.

उस्तादांच्या दोन सवयी होत्या. एक म्हणजे स्वतः बनवलेल्या प्रत्येक पार्टवर कानशीनं तीन खाचा मारायच्या. कशाला म्हणून विचारलं तर म्हणायचे, "वापस आला त समजलं पाह्यजे ना बे, शिव्या कोनाले द्याच्या ते."

दुसरी सवय अशी की दुरुस्त केलेली गाडी ते कधीच स्वतः चालवून पाहत नसत. चालवायला आम्हा पोरांपैकी कोणीतरी, आणि उस्ताद मागं. डोळे मिटून, हात गुडघ्यांवर ठेवून. ते म्हणायचे, "पुढच्याच्या हातात हँडल असते. त्याले काय समजते? मागच्याच्या हातात काईच नसते. त्याले विचार गाडी कशी हाय ते."

पुढं मी एका कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये लागलो. तिथं युनिफॉर्म, जॉब कार्ड, टॉर्क मोजायचा पाना. तिथं असली रिंग निघाली असती तर सुपरवायझरनं "नॉन-स्टँडर्ड पार्ट" म्हणून सरळ भंगाराच्या डब्यात टाकली असती. मीही टाकली असती. पण आता गॅरेज माझं होतं. सुपरवायझर नव्हता. हातात उस्तादांची रिंग होती आणि डोळ्यांसमोर तो निंब. तो निंबही आता नाही, रस्ता रुंद झाला त्यात गेला.

मी मनाशी हिशेब जुळवला. स्प्रिंग जुनी झाली असेल, दबून दबून आखूड झाली असेल. तेवढी कसर भरून काढायला उस्तादांनी रिंग टाकली असणार. त्यांनी टाकली म्हणजे विचार करूनच टाकली असणार. व्हर्नियर, म्हणजे बारीक माप घ्यायचं साधन, टेबलावरच पडलं होतं. स्प्रिंगची लांबी मोजायला कितीसा वेळ लागतो? पण मोजणं म्हणजे उस्तादांवर शंका घेणं, असं काहीतरी त्या वेळी वाटलं. मी रिंग पेट्रोलनं धुतली, पॉलिश पेपरनं घासली. सोन्यासारखी निघाली.

मग कामाला लागलो. नळकांडं खोललं. आत उरलेलं ऑइल काळंमिट्ट आणि डिंकासारखं चिकट. सीलमधून वरखाली होणाऱ्या रॉडवर गंजाचे डाग. असा रॉड तसाच ठेवला तर नवा सील काही दिवसांत पुन्हा फाटतो. रॉड नागपूरला जेसीबीचे हायड्रोलिक बनवणाऱ्या दुकानात पाठवला. त्यांनी त्यावर नव्यानं क्रोम चढवलं आणि मापाचा सीलही तिथंच मिळाला. दुकानदार म्हणाला, "इतकी बारकी जेसीबी कुठं चालते?" मी म्हटलं, अल्लीपूरला.

नवं ऑइल पुस्तकात सांगितलेल्या नंबरचं भरलं. भरताना रॉड हळू हळू वरखाली करत राहायचा, बुडबुडे यायचे थांबेपर्यंत. हवा आत राहिली तर शॉकअप मध्येच पोकळ पडतो. नायट्रोजन भरायला टायरवाल्याकडे जाऊन भागत नाही, त्याचं प्रेशर कमी पडतं. एसी दुरुस्त करणाऱ्या एका मित्राकडे मोठा सिलिंडर असतो. त्याच्याकडून गॅस भरून घेतला. मग स्प्रिंग, स्प्रिंगवर उस्तादांची रिंग, वर टोपी. गाडीत बसवला तेव्हा मीच दोन पावलं मागं सरकून बघितलं. फार दिवसांनी हातून इतकं देखणं काम झालं होतं.

एकटा चालवून पाहिली. कडक वाटली. स्पोर्ट्स बाइक कडकच असते, असं स्वतःला समजावलं. खरं तर आमच्यात एक साधी परीक्षा असते. माणूस बसला की गाडीनं थोडं खाली बसलं पाहिजे. त्याला सॅग म्हणतात. ही गाडी माझ्या वजनाला ढिम्म हलली नाही. नवा सील आहे, सैल होईल, म्हणून मी तेही सोडून दिलं.

दोघं ट्रायलला आले. वहिनींनी साडीवरून पट्टा घट्ट बांधला होता. एक हात विलासभाऊंच्या खांद्यावर ठेवून त्या जपून बसल्या, आणि बसल्यावर, मी पाहिलं, त्यांनी पदर नीट करून इकडेतिकडे बघितलं. कोणी बघतंय का, म्हणून. लग्नाआधीच्या मुली बघतात तसं.

गाडी गेली. मी दारात उभा राहिलो. समोरच्या स्पीड ब्रेकरवर गाडीचं मागचं चाक वर चढलं आणि सीटनं वहिनींना अक्षरशः वर फेकलं. थोडं पुढं गाडी थांबली. वहिनी उतरल्या. कमरेवर हात ठेवून चालत परत आल्या. मागून विलासभाऊ गाडी बंद करून, ढकलत.

वहिनी चिडल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. त्या चिडल्या नाहीत.

"सुरेशभाऊ, तुमी मेहनत लय केली. दिसून राह्यली. पन नाई होत हे." मग नवऱ्याकडे वळून म्हणाल्या, "जाऊ द्या. पिकअपनं जाऊ. देव थोडीच पाह्यते, कोन कायच्यावर आलं ते."

विलासभाऊंनी खिशातून रुमाल काढला आणि मागची सीट पुसायला लागले. सीटवर काहीच नव्हतं. तरी पुसत राहिले. मला ते पाहवेना.

"भंगारवाल्याले सांगू काय मंग?" त्यांनी हळूच विचारलं.

"चतुर्थीपर्यंत थांबा," मी म्हणालो. "त्यानंतर तुम्ही म्हणाल ते."

ते गेल्यावर मी काय काय नाही केलं. शॉकअपवर एक फिरवायची चकती असते, तिनं स्प्रिंग कमी-जास्त दाबता येते. त्याला प्रीलोड म्हणतात. चकती होती तेवढी सैल केली. फरक नाही. गॅस जास्त झाला का, ऑइल पातळ पडलं का, चाकाचा बेअरिंग बघ, टायरची हवा बघ. सगळ्यांवर संशय घेतला. एका रिंगवर सोडून.

शेवटी वाटलं, उस्तादांनाच विचारावं. ते आर्वीला मुलाकडे राहतात एवढं माहीत होतं. कित्येक वर्षं गेलो नव्हतो. सकाळी त्याच गाडीवर बसलो आणि खरांगण्याच्या रस्त्यानं, दर खड्ड्याला वर उडत, आर्वी गाठली.

एस.टी. डेपोच्या मागच्या गल्लीत घर. अंगणात बाजेवर उस्ताद बसले होते. अंग वाळलेलं, गुडघ्यांना लोकरीचं काहीतरी गुंडाळलेलं. मी पाया पडलो. त्यांनी वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"सुऱ्या? लय जाडा झाला बे तू."

"उस्ताद, एक गाडी आणली. मागून उडवते. काही समजून नाही राह्यलं."

गाडी म्हटल्यावर ते सरळ बसले. बाकी काही विचारलं नाही. "बसव मले मागं."

आतून सून धावत आली. "बाबा, गुडघे! डॉक्टरनं काय सांगतलं?"

"डॉक्टर शॉकअप बनवते काय?" उस्ताद म्हणाले. "चप्पल आन माही."

मी आणि सुनेनं मिळून त्यांना उचलून मागं बसवलं. माझ्या पाठीला त्यांचे गुडघे लागले. डेपोच्या बाजूनं बाजार समितीकडे निघालो. पहिल्याच स्पीड ब्रेकरला मागून माझ्या खांद्यावर बुक्की बसली.

"थांबव! थांबव बे! हे काय बनवलं तू? मानूस फेकाची मशीन?"

गाडी बाजूला घेतली. मी सगळं सांगितलं. सील, क्रोम, पुस्तकातलं ऑइल. आणि मग, थोडं अभिमानानंच, सांगितलं की आत तुमची रिंग निघाली, तीन खाचांची, ती मी तशीच जपून ठेवली.

उस्तादांनी टाकीकडे बघितलं. लाल रंगाकडे. मग सीटच्या खाली, जिथं फ्रेमला जुन्या वेल्डिंगचे डाग होते, तिथं बोट फिरवलं.

"अल्लीपूरवाल्याची काय ही? टमाटेवाल्याची?"

"हो."

"सुऱ्या," ते म्हणाले, "ती रिंग म्या टमाट्यासाठी टाकलती. बाईसाठी नाई."

मी मागं वळून सीटखाली बघितलं.

"याच्या बापानं मागं कॅरेटवर कॅरेट रचलं. गाडी पुरी बसून जाये. मडगार्ड टायरले घासे. म्हातारा माह्या गॅरेजवर येऊन बोंबलला का ही गाडी फालतू हाय. मंग म्या कापसाच्या जिनिंगच्या मशीनचा जुना पितळी बुश लेथवर कापला अन् रिंग टाकली. स्प्रिंग दाबून ठेवाले. ऑइल बी जाडं टाकलतं, तिले आवराले. ते जाडं ऑइल तू काढलं?"

"काढलं. पुस्तकातलं टाकलं."

"म्हनजे ऑइल तुयं अन् रिंग माही. अर्धी गाडी पुस्तकाची, अर्धी टमाट्याची. मंग ते फेकन नाई त काय करन?"

रस्त्याच्या कडेला उभं राहून मी ऐकत होतो. वहिनींनी मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, मागं टमाटे बसत म्हणून. मी हसून सोडून दिलं होतं.

"स्प्रिंग मोजलती काय?" उस्तादांनी विचारलं.

"नाही."

"काऊन?"

"तुमच्या खाचा दिसल्या."

मला वाटलं, आता झापतील. निदान हसतील. त्यांनी दोन्हींपैकी काहीच केलं नाही. गुडघ्यांवरचे हात तसेच ठेवून म्हणाले, "म्या मेलो नाई न अजून. विचाराचं होतं."

मी मान खाली घातली. इतक्या वर्षांत मी निंब आठवला, रेडिओ आठवला, निंबोळ्या आठवल्या. गिऱ्हाइकांना उस्तादांचे किस्से सांगितले. आणि माणूस आर्वीत बाजेवर बसून होता, एस.टी.नं सहज जाता येईल एवढ्या अंतरावर. मला खूप वाईट वाटलं. त्यांना ते दिसलं असावं, कारण लगेच ओरडले, "आता रडत नोको बसू. पाना हाय काय सोबत?"

डेपोजवळच्या एका गॅरेजमध्ये प्रेस मिळाला. उस्ताद खुर्चीवर बसून सांगत होते, मी करत होतो. स्प्रिंग बाहेरच्या बाहेर निघते, त्यामुळे आतल्या ऑइल-गॅसला हात लावायची गरज नव्हती. मोकळी स्प्रिंग मोजली. पुस्तकात लिहिली तेवढीच लांबी. कणभर कमी नाही. उस्ताद तिरप्या नजरेनं माझ्या व्हर्नियरकडे बघत होते. रिंग काढली, स्प्रिंग परत बसवली. गाडीवर बसलो. गाडी थोडीशी खाली बसली, बसायला पाहिजे तेवढी.

पुन्हा उस्तादांना मागं बसवलं. त्याच स्पीड ब्रेकरवरून नेली. मागून काही आवाज नाही. वळून परत आणली. तरी काही नाही. आरशात पाहिलं तर डोळे मिटलेले, हात गुडघ्यांवर. थेट आर्वी रोडच्या गॅरेजमधले उस्ताद.

"कसं वाटते, उस्ताद?"

"बोलू नोको. अजून एक चक्कर मार."

मी मारली. त्यानंतर त्यांनी बाजार समितीपर्यंतही न्यायला लावलं. तिथं काहीच काम नव्हतं.

घरी उतरवलं तेव्हा त्यांनी हात पुढं केला. "रिंग दे माही." दिली. त्यांनी ती वाकून बाजेच्या एका पायाखाली सरकवली आणि बाज हलवून पाहिली. "लय दिवसाची डुगडुग करत होती," ते म्हणाले.

चतुर्थीला विलासभाऊ आणि वहिनी सकाळीच आले. पिकअप माझ्या गॅरेजसमोर लावली. मी त्यांना रिंगेची आणि उस्तादांची गोष्ट सांगितली. वहिनी पट्टा बांधून मागं बसल्या. मी स्पीड ब्रेकरकडे बघितलं नाही. एका स्कूटरचा कार्ब्युरेटर विनाकारण खोलून बसलो. दुपार कलली तशी लाल गाडी परत आली. वहिनी उतरल्या, कमरेवर हात न ठेवता. पिशवीतून नारळ-साखरेचा प्रसाद काढून माझ्या हातावर ठेवला.

"दचका?" मी विचारलं.

"एक बसला ना. पवनारच्या पुलावर."

मी प्रसाद तसाच हातात धरून शॉकअपकडे वाकलो. विलासभाऊ मिशीत हसत होते.

"यायनं ब्रेक मारला," वहिनी म्हणाल्या. "मासोळ्या पाहाले थांबलो म्हने. गाडीचा दोष नाई तो, यायचा हाय. यायले ठेवाचं का भंगारात देवाचं, ते म्या घरी गेल्यावर पाहीन."

"म्हणजे भंगारवाल्याला नको सांगू?"

"सांगा ना. तो लोखंडी स्टँड पडला हाय अजून गोठ्यात. तो न्या म्हना. अन् सुरेशभाऊ, ती रिंग कुठं हाय?"

"आर्वीला. उस्तादांच्या बाजेखाली."

"चांगलं झालं. आमच्या घरी असती त टमाट्याचा भाव चढला का यायनं वापस टाकली असती."

वहिनींनी गाडी पिकअपमध्ये चढवू दिली नाही. विलासभाऊंना पिकअप नंतर नेता येईल म्हणाल्या. दोघं वायगावच्या रस्त्यानं गाडीवरच गेले. पिकअप रात्रभर माझ्या दारात होती आणि सकाळी मला शटर उघडायला अडचण झाली.

त्यानंतर मी कामात दोन बदल केले. शॉकअपचं काम आलं की आधी विचारतो, मागं कोण बसतं? गिऱ्हाइकं हसतात, पण उत्तर मिळेपर्यंत मी पाना हातात घेत नाही. आणि जुन्या गाडीतून कोणी टाकलेला अनोळखी पार्ट निघाला, तर आधी मोजतो, आणि टाकणारा जिवंत असेल तर त्यालाच विचारतो. उस्तादांना अलीकडे कमी ऐकू येतं, त्यामुळे फोनवर काही भागत नाही. आर्वीला जावंच लागतं.